सायबर हल्ला झाला हे सांगायला लाज कसली?

१२ ऑक्टोबर २०२० ला, सोमवारी सकाळी दहाच्या आसपास ठाणे, नवी मुंबई आणि अख्खी मुंबई एकदम बंद पडली होती, आठवत असेलच. कोविडचा काळ, लोकल फक्त अत्यावश्यक सेवावाल्यांसाठी, त्याही रुळांवर उभ्या, हॉस्पिटलं जनरेटरवर, विद्यापीठाचे ऑनलाइन पेपर पुढे ढकललेले, आणि घरून काम करणारी सगळी जनता लॅपटॉपची बॅटरी किती टक्के उरलीय ते बघत बसलेली. मुंबईत दोन-अडीच तासांत बरीचशी लाइट आली, आपल्याकडे ठाणे-नवी मुंबईत काही भागांत संध्याकाळ उलटून गेली. कळवा-पडघा लाइन हे नाव तेव्हा बऱ्याच जणांनी पहिल्यांदा ऐकलं असेल. ठाणे-बेलापूर रोडवर ऐरोलीकडून कळव्याकडे जाताना जे टॉवरच टॉवर दिसतात ना, तिथलीच ही गोष्ट, आणि राज्याचं लोड डिस्पॅच सेंटर, म्हणजे कुठे किती वीज जाणार हे जिथून बघतात ते ऑफिस, तेही ऐरोलीतच.

मग मार्च २०२१ उजाडला. रेकॉर्डेड फ्युचर नावाच्या अमेरिकन कंपनीने रिपोर्ट काढला की चीनशी संबंधित एका गटाने, त्याला त्यांनी रेडएको असं नाव दिलं, भारताच्या वीज क्षेत्रातल्या दहाएक संस्थांना लक्ष्य केलंय आणि त्यात देशातल्या पाच प्रादेशिक लोड डिस्पॅच सेंटरपैकी चार आहेत. गलवान जून २०२० चं, त्यामुळे तारखा जुळत होत्या. लगेच आपले तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी महाराष्ट्र सायबरच्या, म्हणजे राज्याच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या, प्राथमिक अहवालाचा हवाला देऊन सांगितलं की १४ ट्रोजन, म्हणजे साळसूद फाइलीचं सोंग घेऊन शिरणारे घातक प्रोग्राम, सापडलेत, ८ जीबी डेटा परदेशी सर्व्हरवरून आपल्या सिस्टीममधे आला असावा, घातपाताची शक्यता आहे. आणि दुसऱ्याच दिवशी केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह म्हणाले, मानवी चूक होती, सायबर हल्ल्याचा पुरावा नाही. राज्यात एका आघाडीचं सरकार, केंद्रात दुसरीचं, मग जो तो आपापल्या पक्षाप्रमाणे विश्वास ठेवून मोकळा झाला.

मी इथे चीननेच लाइट घालवली असं म्हणत नाहीये. रेकॉर्डेड फ्युचरवाल्यांनी स्वतःच लिहिलं होतं की मुंबईच्या अंधाराचा आणि त्यांना सापडलेल्या मालवेअरचा (म्हणजे हॅकरांनी घुसवलेल्या प्रोग्रामचा) संबंध सिद्ध झालेला नाही, आणि एक लाइन दुरुस्तीला काढलेली असताना दुसरीवर लोड येऊन सगळं कोसळणं हे आपल्याकडे न पटण्यासारखं अजिबात नाही. माझी तक्रार वेगळी आहे. कोट्यवधी लोकांना बसलेल्या फटक्याबद्दल दोन मंत्री दोन उत्तरं देतात आणि दोन्ही सरकारांनी मिळून मान्य केलेलं, साध्या माणसाला वाचता येईल असं एक उत्तर आपल्याला मिळतच नाही, आणि त्याचं कुणाला काही वाटतही नाही.

म्हणून सरळ सांगतो. परदेशी हॅकर आणि डिजिटल हेरगिरीपासून देश वाचवायचा तर पहिलं काम फायरवॉल घेणं नाही, एआय तर नाहीच नाही. पहिलं काम म्हणजे महत्त्वाच्या कुठल्याही संस्थेवर हल्ला झाला की तो कसा झाला, कुठून शिरले, किती दिवस आत होते, काय नेलं, हे ठरावीक मुदतीत लोकांसमोर मांडायची कायद्याने सक्ती, आणि ती चौकशी ज्याच्याकडे घुसखोरी झाली त्याने किंवा त्याच्या खात्याने करायची नाही. बाकी सगळं ह्याच्यानंतर.

लपवायची सवय किती मुरलीय त्याचा नमुना म्हणजे तमिळनाडूतलं कुडनकुलम. ऑक्टोबर २०१९ च्या शेवटी बातमी फुटली की अणुवीज केंद्राच्या नेटवर्कमधे डीट्रॅक नावाचं मालवेअर सापडलंय. त्या अणुवीज केंद्राने पत्रक काढलं की ही खोटी माहिती पसरवली जातेय, कंट्रोल सिस्टीम बाहेरच्या नेटवर्कला जोडलेलीच नाही त्यामुळे तिच्यावर सायबर हल्ला शक्यच नाही. दुसऱ्या दिवशी एनपीसीआयएलने, म्हणजे अणुवीज केंद्रं चालवणाऱ्या आणि वाशी खाडीपूल ओलांडला की अणुशक्तीनगरला मुख्यालय असलेल्या सरकारी कंपनीने, मान्य केलं की हो, मालवेअर सापडलं होतं, ॲडमिनच्या कामाच्या एका पीसीवर, आणि सर्ट-इनने, म्हणजे सायबर हल्ल्यांवर लक्ष ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेने, ४ सप्टेंबरलाच कळवलं होतं. आता बघा, कंट्रोल सिस्टीम वेगळी होती हे खरंच असेल, आणि असेल तर ती चांगली, अभिमानाने सांगायची गोष्ट आहे, पण आदल्या दिवशी 'खोटी माहिती' म्हणून बसल्यामुळे दुसऱ्या दिवशी खरं सांगितलेलंही कुणाला खरं वाटेना. हे नुकसान कोणत्याही हॅकरने केलेलं नाही, आपणच केलं.

ह्याच्या उलट उदाहरण आपल्या उरणच्या दारात घडलं. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाचं मालवेअर युक्रेनमधून सुटलं. तिकडच्या एका हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून ते घुसवलेलं होतं, पुढे अमेरिका-ब्रिटनने जाहीरपणे रशियन लष्कराकडे बोट दाखवलं. भांडण रशिया-युक्रेनचं, पण त्यात मर्स्क ही जहाज कंपनी सापडली आणि मर्स्कचं म्हणून जेएनपीटी बंदरातलं जीटीआय कंटेनर टर्मिनलही आडवं झालं. कुठला कंटेनर कुणाचा तेच सिस्टीमवर दिसेना, मग कामं हाताने. जिथे एरवीच ट्रेलरच्या रांगा लागतात तिथे ह्याची भर. म्हणजे जिच्याशी आपलं काही देणंघेणं नाही अशा लढाईतला गोळा आपल्या बंदरात येऊन पडला.

पण मर्स्कने पुढे काय केलं ते बघण्यासारखं आहे. जानेवारी २०१८ मधे त्यांचे चेअरमन दावोसला जगासमोर बसले आणि सांगून टाकलं की आम्हाला दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कंप्युटर नव्याने उभे करावे लागले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात, तेही जाहीर. नंतर असंही बाहेर आलं की नेटवर्कचा जो एक मुख्य भाग जगात सगळीकडे पुसला गेला होता त्याची शाबूत कॉपी फक्त घानामधल्या ऑफिसात उरली, का तर हल्ल्याच्या वेळी तिथे लाइट गेली होती! (आपल्या महावितरणला नावं ठेवणाऱ्यांनी नोंद घ्यावी.) ह्या सगळ्याने मर्स्क बुडाली का? नाही. उलट बॅकअप नेटवर्कपासून तोडून वेगळा ठेवायचा, हे मीटिंगमधे पटवून द्यायला आज आयटीवाल्यांकडे मर्स्कचं नाव आहे.

आपल्याकडचं चित्र कसं आहे? माझा एक मित्र टीटीसी एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्याचं आयटी बघतो, कारखाना मोठ्या कंपन्यांना पार्ट करून देतो. एका सकाळी सगळ्या ड्रॉइंगच्या फाइल लॉक, स्क्रीनवर पैसे मागणारी चिठ्ठी. ह्याने मालकाला विचारलं, साहेब, सर्ट-इनला कळवायचं का, सहा तासांत कळवायचा नियम आहे. मालक म्हणाले, "अरे वेडा झालास का, बोंबाबोंब केलीस तर उद्या ऑर्डर जाईल." जुना बॅकअप होता, चार दिवस रात्रीचा दिवस करून ह्याने गाडी रुळावर आणली आणि विषय संपला. ती ड्रॉइंग फक्त लॉक झाली की आधी कुणीतरी कॉपीही करून नेली हे कुणी तपासलंच नाही, आणि ज्या मोठ्या कंपनीची ती ड्रॉइंग होती तिला अजून काही माहीत नाही. मला मालकांचा राग येत नाही खरं सांगायचं तर. कळवलं असतं तर मदत आली असती की नोटीस, हे त्यांना कुठे माहीत होतं? एप्रिल २०२२ च्या त्या नियमांमधे सहा तासांची मुदत आहे, लॉग, म्हणजे सिस्टीमवर कोण कधी आलं-गेलं त्याच्या नोंदी, १८० दिवस जपून ठेवायची अट आहे, आणि मूळ आयटी कायद्यात ऐकलं नाही तर एक वर्षापर्यंत कैदही आहे. धाक दाखवायची सोय व्यवस्थित आहे. पण सांगितलं तर बदल्यात काय मिळतं? तिथे शांतता.

आणि हेरगिरी हीच तर असते. सिनेमात दाखवतात तसं लाल अक्षरं चमकून सगळं बंद पडणं हा अपवाद. हेर आवाज करत नाही. तो व्हेंडरच्या व्हेंडरकडे शिरतो, गुपचूप फाइली वाचतो आणि महिनोनमहिने बसून राहतो. सोलरविंड्स ह्या सॉफ्टवेअर कंपनीच्या, २०२० च्या डिसेंबरात उघड झालेल्या प्रकरणात, अमेरिकन सरकारच्या खात्यांमधे शिरायला रस्ता मिळाला तो सगळ्यांनी विश्वासाने बसवलेल्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. हे प्रकरण बाहेर आलं कसं, तर फायरआय ह्या सिक्युरिटी कंपनीने स्वतः जाहीर केलं की आमच्याकडे चोरी झालीय. ज्या कंपनीचा धंदाच दुसऱ्यांना वाचवण्याचा, तिने! त्यांच्याही मॅनेजमेंटमधे कुणीतरी म्हणालंच असेल की ऑर्डर जातील.

आपल्याकडे कुणी सांगतच नाही असं नाही. कॉसमॉस बँक आठवा. ऑगस्ट २०१८, पुण्याची शंभरी ओलांडलेली सहकारी बँक, ९४ कोटी गेले. एटीएममधे कार्ड घातलं की बँकेच्या मुख्य सिस्टीमला विचारणा जाते, पैसे आहेत का, देऊ का, आणि हॅकरांनी मधे आपलाच बोगस स्विच बसवला जो प्रत्येक विचारणेला परस्पर 'दे' म्हणायचा. २८ देशांतून पैसे काढले, वर हाँगकाँगच्या एका बँकेत स्विफ्टने, म्हणजे बँकांच्या परदेशी व्यवहारांच्या जाळ्यातून, जवळपास १४ कोटी वळवले. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांच्या अहवालात हे नाव उत्तर कोरियाच्या चोऱ्यांच्या यादीत आलं. पण बँकेने काय केलं, तर पोलिसात तक्रार दिली, चेअरमन पत्रकारांसमोर बसले, आकडे सांगितले. ऑक्टोबरमधे रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी किमान सायबर सुरक्षेची चौकट काढली. पुण्यातल्या पेन्शनरांची ठेव आणि प्याँगयाँगचा शस्त्रांचा खर्च ह्यांचा संबंध लावता आला तो कुणीतरी तोंड उघडलं म्हणून.

ह्याच्या उलट एम्सचं घ्या. नोव्हेंबर २०२२ मधे दिल्लीच्या एम्सचे पाच सर्व्हर लॉक झाले, साधारण दोन आठवडे केसपेपरपासून रिपोर्टपर्यंत सगळं हाताने. देशातल्या पहिल्या नंबरच्या हॉस्पिटलवरचा हल्ला, आणि कारणाबद्दल राज्यसभेत जे उत्तर आलं त्याचा गाभा एवढाच की नेटवर्क सेगमेंटेशन नीट नव्हतं, म्हणजे सगळे विभाग एकाच नेटवर्कमधे असे जोडलेले की एकीकडे शिरलेला सगळीकडे फिरू शकतो. ठीक. आता आपल्या कळवा हॉस्पिटलमधे किंवा वाशीच्या महापालिका हॉस्पिटलमधे जो आयटी बघतो त्याने ह्या एका ओळीतून काय घ्यायचं? आयर्लंडमधे मे २०२१ ला तिथल्या सरकारी आरोग्यसेवेवर असाच हल्ला झाला, तर त्यांनी बाहेरच्या कंपनीकडून चौकशी करून घेऊन त्याच वर्षी डिसेंबरात दीडशेवर पानांचा अहवाल जाहीर केला. त्यात लिहिलंय की १८ मार्चला एका कर्मचाऱ्याने मेलमधून आलेली एक्सेल फाइल उघडली, तिथून आठ आठवडे ते लोक आत फिरत होते, अँटिव्हायरसने इशारे दिले होते पण त्यांवर कृती झाली नाही, आणि एवढ्या मोठ्या संस्थेत सायबर सुरक्षा ही एका कुणा वरिष्ठाची जबाबदारीच नव्हती. हे वाचून कुठल्याही हॉस्पिटलचा डीन उद्या सकाळी विचारू शकतो, की आपल्याकडे हे काम नक्की कुणाचं?

आपण मात्र उलटीकडे चाललोय. नोव्हेंबर २०२३ मधे केंद्राने सर्ट-इनला माहिती अधिकारातून वगळलं, आयबी आणि रॉ ज्या यादीत बसतात तिथे नेऊन बसवलं. आयबीचं समजू शकतो. पण सर्ट-इनचं कामच मुळी लोकांना सावध करणं. मनपाने डेंग्यूचे पेशंट किती आणि कुठल्या वॉर्डात हे गोपनीय ठेवलं तर डासांचं काही बिघडत नाही, बिघडतं ते शेजारच्या बिल्डिंगचं.

ह्यावर लोक म्हणणार, आणि म्हणतातच, की सगळं उघड केलं तर शत्रूला आयतं कोलीत मिळेल. हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. भोक बुजवायच्या आधी भोकाचा पत्ता छापणं हा मूर्खपणाच, आणि आपल्याला शत्रूबद्दल किती कळलंय हे शत्रूला कळू न देणं ही कधीकधी खरंच गरज असते. पण म्हणून तर मुदत ठेवायची, तेवढा भाग झाकायचा आणि झाकलाय असं लिहायचं. बाकी जो आत शिरून आठ आठवडे राहिला त्याला आपलं दार कुठून उघडं होतं हे आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं हो. त्याच्यापासून काय लपवणार? लपतं ते भिवंडीच्या नगररचना विभागापासून, पनवेलच्या पतपेढीपासून, ज्यांच्याकडे तेच सॉफ्टवेअर त्याच जुन्या पासवर्डने चालू आहे.

आणखी एक म्हणतात, हल्ला नक्की कुठल्या देशाने केला हे सिद्ध करता येत नाही, मग जाहीर काय करायचं. अहो, कुणी केला ते राहू दे बाजूला, कसा झाला ते सांगा! रशियन असो, चिनी असो की नालासोपाऱ्यातला विशीतला पोरगा, खिडकी एकच असते. २०१६ मधे अमेरिकेतल्या कितीतरी मोठ्या वेबसाइट बंद पाडणाऱ्या मिराई नावाच्या मालवेअरमागे कुठलं राष्ट्र नव्हतं, कॉलेजच्या पोरांनी ते सॉफ्टवेअर लिहिलेलं, आणि त्यासाठी वापरले होते घरोघरचे कॅमेरे आणि राउटर ज्यांचे कंपनीने दिलेले पासवर्ड कुणी बदललेच नव्हते. घोडबंदर रोडवरच्या टॉवरांतले सीसीटीव्हीचे डीव्हीआर आठवून बघा.

मे २०२५ मधे ऑपरेशन सिंदूरनंतर महाराष्ट्र सायबरने सांगितलं की साधारण १५ लाख सायबर हल्ले झाले आणि त्यातले फक्त १५० यशस्वी ठरले. सगळ्या चॅनलवर १५ लाखच गाजले. मला त्या आकड्याचं काही कौतुक नाही, कारण दारावर पडलेली प्रत्येक टकटक मोजली तर १५ लाखही होतात आणि दीड कोटीही होतील. मला त्या १५० मधे रस आहे. त्यात एक नाव होतं कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेच्या वेबसाइटचं. हे सांगितलं त्याबद्दल महाराष्ट्र सायबरचं खरंच कौतुक. पण पुढे काय? साइट कुणी बनवली होती, शेवटची अपडेट कधी केली होती, त्याच व्हेंडरने अजून किती पालिकांच्या साइट बनवल्यात? ठाणे जिल्ह्यात सहा महापालिका आणि अंबरनाथ-बदलापूर मिळून दोन नगरपरिषदा, प्रत्येकीत जन्म-मृत्यूचे दाखले आणि मालमत्ताकर ऑनलाइन. बदलापूरला काय चुकलं हे बाकी सातजणींना कोण सांगणार?

गंमत बघा, त्याच महिन्याच्या शेवटी एटीएसच्या ठाणे युनिटने कळव्यात राहणाऱ्या एका इंजिनियरला पकडलं. फेसबुकवर बाईच्या नावाने ओळख, मग गप्पा, मग युद्धनौकांची माहिती पाकिस्तानच्या एजंटला दिली असा आरोप. खटल्याचं काय ते कोर्ट ठरवेल. पण त्यातलं सगळं, कुठून ओळख झाली, काय पाठवलं, आठवडाभर पेपरात सविस्तर येत होतं, आणि चांगलंच झालं, नेव्हीचं काम करणाऱ्या कितीतरी घरांत त्यावर बोलणं झालं असेल. माणूस पकडला की बुरखा घालून कॅमेऱ्यासमोर उभा करता येतो. सर्व्हर कसा उभा करणार? म्हणून माणसांची हेरगिरी आपल्याला पाठ आहे आणि मशीनची माहीतच नाही.

मग चौकशी करायची कुणी? आपल्याकडे ह्याला जुना आणि चांगला नमुना आहे. रेल्वे अपघाताची चौकशी रेल्वे सुरक्षा आयुक्त करतात आणि ते रेल्वे मंत्रालयाखाली येत नाहीत, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली येतात. ऐकायला विचित्र, पण मुद्दाम केलेलं, म्हणजे रेल्वेने रेल्वेची चौकशी करायला नको. विमान पडलं की तीस दिवसांत प्राथमिक अहवाल काढतात, अहमदाबादच्या दुर्घटनेचाही जुलै २०२५ मधे काढला, अपुरा असेल, त्यावर वाद झाले, होऊ दे, वाद घालायला कागद तरी हातात होता. अमेरिकेने २०२२ मधे सायबरसाठी असंच मंडळ काढलं होतं, त्याने एप्रिल २०२४ मधे थेट मायक्रोसॉफ्टला सुनावलं की चिनी हॅकरांनी सरकारी मेल वाचले ती घुसखोरी टाळता येण्यासारखी होती. पुढे जानेवारी २०२५ मधे नव्या सरकारने ते मंडळच मोडीत काढलं. म्हणजे अशी मंडळं टिकवणं सोपं नसतं, हेही आलंच. म्हणून आपल्याकडे ते नुसत्या आदेशाने नको, कायद्याने हवं, आणि सर्ट-इन ज्या खात्याखाली येते त्या खात्याबाहेर हवं.

दिल्लीचं दिल्ली बघेल, कधी बघेल देव जाणे. तोवर इथे करण्यासारखं काही आहेच. महापेला राज्याचं सायबर सुरक्षा केंद्र आहे, त्या ८३७ कोटींच्या प्रकल्पाचं. तिथून दर तीन महिन्यांनी एक साधं मराठी पत्रक निघू दे, संस्थेचं नाव हवं तर गाळा, पण शिरले कुठून, थांबले किती, काय केलं असतं तर अडले असते, एवढं लिहा आणि सगळ्या पालिका, जिल्हा परिषदा, सहकारी बँका, एमआयडीसीतल्या कारखानदारांच्या संघटना यांना पाठवा. जो छोटा कारखानदार स्वतःहून येऊन सांगेल त्याला पहिल्यांदा नोटीस नाही, माणूस पाठवा मदतीला. आणि आपल्या महापालिकांच्या आयटी टेंडरमधे आज सगळ्यात कमी रेट एवढंच बघून जे काम जातं, त्यात एक अट घाला की तुमच्याकडे किंवा तुमच्या दुसऱ्या कुठल्याही गिऱ्हाइकाकडे घुसखोरी झाली तर २४ तासांत आम्हाला लेखी कळवायचं, नाहीतर बिल अडकेल. ह्या अटीला कायदा लागत नाही, संसद लागत नाही, आयुक्तांची सही पुरते.